मडकं घेऊन दिल्लीला

दिल्लीला मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला लाल किल्ला न बघताच परत आले, आणि त्यानंतर एकवीस वर्षं त्या शहराचं नुसतं नाव कोणी काढलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. मागे आमच्या सोसायटीतल्या बायकांनी सहल ठरवली, दिल्ली-आग्रा-मथुरा. मी म्हटलं, "मला मथुरेला भेटा. दिल्ली वगळून किती पडतात ते सांगा." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी भाव पाडते आहे. भाव मी पाडतेच, भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत कोणालाही सोडत नाही. पण त्या दिवशी मी भाव पाडत नव्हते.

कारण सांगते. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. थोरले दीर दिल्लीत सरकारी नोकरीत होते, त्यांच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता, आणि जाऊबाईंनी फोन करून आम्हा दोघांना बोलावलं. मी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात राहायला आले तेच मला केवढं शहर वाटायचं. दिल्लीला जायचं म्हणून मी नवी पिशवी शिवली होती. पोचल्या दिवसापासून स्वयंपाकघरात शिरले. पाटोडीचा रस्सा, पुऱ्या, श्रीखंड, कोशिंबीर, चाळीस माणसांचं रांधलं. घरचं कार्य म्हणून केलं, त्याचं काही नाही.

जेवणं चालू असताना दिरांच्या साहेबांच्या बायकोने रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि जाऊबाईंना विचारलं, "ये किसने बनाया?" मी पुऱ्यांची परात घेऊन पडद्यामागे उभी होते. आता हाक येईल म्हणून मी पदर नीट केला. जाऊबाई म्हणाल्या, "गाँव से एक औरत बुलवाई है, खाना बनाने के लिए."

साहेबीण म्हणाली, "हमें भी दिलवा दीजिए ऐसी कोई."

आणि जाऊबाई हसल्या.

परात मी तिथेच ओट्यावर ठेवली. नवऱ्याला मागच्या गॅलरीत बोलावून सांगितलं. माझा नवरा स्वभावाने गरीब, सरकारी कचेरीत कारकून. तो म्हणाला, "जाऊ दे नं वं. मोठी आहे ते." दुसऱ्या दिवशी सगळे लाल किल्ला बघायला जाणार होते. मी पिशवी भरून दाराशी बसून राहिले. गाडी संध्याकाळची होती, तरी सकाळपासून बसले. जाऊबाईंनी विचारलं, बरं नाही का. मी हो म्हटलं. तेवढं एकच खोटं मी त्यांच्या घरात बोलले.

घरी परतल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. रांधणारी बाई म्हणून ओळख द्यायची ना, मग अशी रांधणारी होईन की बोलावताना तुम्हाला विचार करावा लागेल.

महालात आमच्या गल्लीतल्या लग्नांत एक म्हातारी लंबी रोटी करायला यायची. ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. पण पाणी इतकं की पीठ परातीत आपटून आपटून त्याला रबरासारखी तार आणावी लागते. मग त्याचा गोळा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत राहायचं. तो आधी पंज्याएवढा असतो, मग मनगटापर्यंत उतरतो, मग कोपरापर्यंत, आणि शेवटी पातळ धोतरासारखा दोन्ही हातांवरून लोंबायला लागतो. तसाच तो चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर पसरायचा. एक क्षण लवकर टाकला तर जाड, एक क्षण उशीर झाला तर फाटला. पोळपाट नाही, लाटणं नाही. सगळी अक्कल हातात.

म्हातारी शिकवायला तयार नव्हती. मी तिच्याशी सौदा केला: वर्षभर तुमचं पीठ मी आपटते, पाणी मी भरते, मजुरी नको, हात शिकवा. वर्ष संपायच्या आत माझ्या दोन्ही हातांवरची लव जळून गेली होती आणि म्हातारी मला लग्नांना आपल्या जागी पाठवत होती. आज माझ्या हाताखाली सहा बायका आहेत. मनीषनगरातला फ्लॅट या रोट्यांवर उभा आहे. बिल्डरशी तीन महिने घासाघीस केली, तो शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही चाब्या घ्या पण फोन करू नका."

नवऱ्याच्या भावाकडे मात्र गेले नाही. ते लोक नागपूरला यायचे, मी पानं वाढायची, हसून बोलायची. दिल्लीचा विषय निघाला की ऑर्डर आहे म्हणायची.

मग ती पुतणी, जिचा तो वाढदिवस होता, कॉलेजात असताना आठ दिवस माझ्याकडे राहायला आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. रोज माझ्याबरोबर कामावर यायची, पिठात हात घालायची, चेहऱ्याला पीठ लावून फोटो काढायची. जाताना म्हणाली, "काकू, माझ्या लग्नात तुझी रोटी." मी म्हटलं, "आधी पोरगा पाहा."

तिने पोरगा पाहिला. दिल्लीचाच, हिंदी घरातला. मागच्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. "काकू, तारीख ठरली. मडकं घेऊन ये."

मी म्हटलं, "तुझ्या आईले सांग फोन कराले."

दोन दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. "अगं, मुलगी हट्ट धरून बसली आहे. तू ये. आणि हे बघ, तुझा जो काही रेट असेल तो आम्ही देऊ. त्यात संकोच नको."

रेट! सख्ख्या पुतणीच्या लग्नात! माझा आवाज चढला असावा, कारण पेपर वाचणाऱ्या नवऱ्याने चष्मा काढला.

"जाऊबाई, माझा रेट तुम्हाले झेपणार नाही."

"म्हणजे किती?"

"पैसे नकोत. मी रोटी करीन तेव्हा माझ्या भट्टीजवळ येऊन उभं राहायचं आणि पाहुण्यांसमोर सांगायचं, मी तुमची कोण आहो ते. हिंदीत सांगायचं, सगळ्यांले समजलं पाहिजे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "तू अजून ते धरून बसली आहेस? मी असं काही म्हटलंच नव्हतं."

"मी पुऱ्यांची परात घेऊन पडद्यामागं उभी होती."

"तुझा गैरसमज झाला असेल. बरं, असं करते, पत्रिकेत तुम्हा दोघांची नावं वर घालते."

"पत्रिका कोण वाचते?"

"मग हळदीला सांगते सगळ्यांना."

"हळदीले घरचेच राहतात. त्यांना माहीत आहे मी कोण ते."

"तू ना, भाजी घेतल्यासारखी करतेस."

"भाजी असती तर कधीचीच सोडून दिली असती."

शेवटी त्या म्हणाल्या, "पाहू." आणि फोन ठेवला.

आमच्या धंद्यात 'पाहू' म्हणजे काहीच नाही. ठरल्याशिवाय मी कोणाच्या मांडवात चूल पेटवत नाही. पण पुतणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पीठ लागलेला. मी नवऱ्याला म्हटलं, "तिकिटं काढा."

तो म्हणाला, "पण सौदा तर झाला नाही वं."

"तिथं जाऊन होईल. नाही झाला तर पोरीसाठी रोटी करीन, आणि तुमच्या भावाचा उंबरा पुन्हा नाही चढणार. मरेपर्यंत."

मडकी दोन न्यायची ठरली. माझा नेहमीचा कुंभार जाड बुडाची, रुंद पोटाची मडकी मला मुद्दाम करून देतो. एक वापरायचं, एक राखीव. जुन्या गोधड्यांत गुंडाळून, सुतळीने बांधून, वर पोती. आणि इथे मी जन्मातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. मडकं हे एवढं मोठं, आत नुसती पोकळी. दिल्लीपर्यंत पोकळी वाहून न्यायची? माझ्या भावाने नरखेडहून बागेतली संत्री पाठवली होती, लग्नघरी द्यायलाच. मी दोन्ही मडकी संत्र्यांनी गच्च भरली.

नवरा म्हणाला, "वजनानं फुटन वं."

"वजन पोटात आहे, पोट गोल आहे. तुम्ही तुमच्या फायली पाहा."

रात्रभराचा प्रवास नीट झाला. नवी दिल्ली स्टेशनवर मी पहिलं मडकं काठाला धरून उचललं. काठ माझ्या हातात आला आणि मडकं खाली राहिलं, म्हणजे त्याचे तुकडे. संत्री फलाटभर पळत सुटली. मी तशीच काठ हातात घेऊन उभी, बांगडी घातल्यासारखी. मनात म्हटलं, झालं, आता हे शहर लुटणार.

कोणी लुटलं नाही. एका म्हाताऱ्या सरदारजींनी आपल्या शालीत संत्री गोळा करून आणली. एका पोरीने बाकाखाली वाकून काढली. लाल शर्टवाला हमाल एक संत्रं नाकाशी धरून म्हणाला, "बहनजी, नागपुर का है?"

"पहचानते हो तो रख लो."

"एक में क्या होगा, घर में पाँच जने हैं."

मला हसू आलं. संत्री वाटून दिली. दुसऱ्या मडक्यावर बोटाने टिचकी मारली. चांगलं मडकं ठण्ण वाजतं. हे भद्द वाजलं. कुठेतरी केसासारखी चीर गेली होती. आचेवर ठेवलं असतं तर पहिल्याच रोटीला दोन तुकडे झाले असते.

नवरा काही बोलला नाही. तो काही बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो. "बोला," मी म्हटलं. "बोला, सांगितलं होतं म्हणून."

"मी काहून बोलू? तू बोलूनच राहिली."

लग्न परवा होतं. जाऊबाईंना हे कळू द्यायचं नव्हतं. रोटीवाली मडक्याविना आली हे त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी परातीवर रोट्या भाजल्या असत्या. त्यांच्या घरी पोचलो, पाया पडलो, चहा झाला. पुतणी गळ्यात पडली. पोतं मी पलंगाखाली ढकललं आणि दुपारी "जरा बाजारात जातो" म्हणून दोघं बाहेर पडलो. खालच्या पानवाल्याने कुंभारांच्या वस्तीचा पत्ता दिला. मेट्रोने जा, म्हणाला, सरळ जाते.

मेट्रोत एक कॉलेजची पोरगी उठून म्हणाली, "आंटी, बैठिए." आंटी म्हटल्याचा राग आला, पण बसले. खिडकीतून घरांच्या गच्च्या दिसत होत्या. वाळत घातलेल्या रजया, उन्हात केस विंचरणाऱ्या बायका, एका गच्चीवर पापड. एकवीस वर्षं मी दिल्ली म्हणजे एकच घर आणि एकच बाई असं धरून चालले होते. इथे तर पापड वाळत होते.

कुंभारांची गल्ली अरुंद होती आणि दोन्ही बाजूंना मडक्यांच्या उतरंडी लागलेल्या. बहुतेक लांब मानेची, पातळ, पाण्याची. मी एकेक वाजवत गेले. शेवटी एका अंगणात मला हवं तसं सापडलं, जाड बुडाचं, बसकं, गोल. मालकीण माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, नाकात मोठी चमकी, तोंडात तंबाखू, खाटेवर बसून चाकाकडे बघत होती.

"कितने का?"

"चार सौ."

"चार सौ में तो चाक भी दे दोगी?"

"चाक मेरे ससुर का है. उनसे पूछना पड़ेगा, और वो ऊपर गए."

मी दीडशे म्हटलं. ती हसली सुद्धा नाही. मी मडक्यात काजळी दाखवली, बुडाला वाकडेपणा दाखवला, आमच्याकडे याच्या निम्म्यात मिळतं ते सांगितलं. ती म्हणाली, "तो वहीं से ले आतीं." हे मात्र लागलं. मी नेहमीचं हत्यार काढलं: पाठ फिरवली आणि चालायला लागले. आमच्याकडे बाई चार पावलं गेली की मागून हाक येते, आणि हाक आली की भाव तुटतो. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

चार पावलं गेले. दहा गेले. गल्लीच्या तोंडाशी पोचले. हाक नाही. नवरा कानात म्हणाला, "हे काही बोलावून नाही राहिली वं."

मला परत जावं लागलं. ती खाटेवरच बसलेली, डोळे चाकावर. न बघता म्हणाली, "मुझे मालूम था आओगी. घड़ा तुमने तीन बार बजाया. जिसे लेना नहीं होता वो एक बार बजाता है."

मी तिथे खाटेच्या कडेवर बसलेच. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी बाजारात पकडलं होतं, आणि राग यायच्या ऐवजी मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. पैसे पुरे दिले. तिने चहा मागवला. मडकं कशासाठी हवं ते सांगितलं तर तिला खरं वाटेना. मग तिच्या चाकावरच्या ओल्या मातीचा गोळा उचलून मी हातावरून हातावर झेलून दाखवला. ती तोंडावर हात ठेवून बघत राहिली. उठून तिने त्याच मापाचं दुसरं मडकं आणलं. "ये भी ले जा. नया घड़ा पहली आँच में दगा देता है. इसका पैसा नहीं."

"काहे नहीं?"

"मोलभाव के बीस बहाने सुनती हूँ रोज. मिट्टी को हाथ लगाने वाली रोज नहीं आती. पहले कभी दिल्ली आई थीं?"

"एक बार."

"क्या देखा?"

"रसोई," मी म्हटलं.

ती काय समजायचं ते समजली. जाताना म्हणाली, "इस बार बाहर भी देख लेना."

नवं मडकं एकदम भट्टीवर चढवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दिरांच्या गच्चीवर विटांची चूल मांडून दोन्ही मडकी मंद आचेवर तापवत बसले. जाऊबाई वाळलेले कपडे काढायला आल्या. मडक्यांकडे बघून थबकल्या. त्याही महालातल्याच, मडक्याची माती त्यांना कळते.

"हे नागपूरचं नाही."

"नाही. तुमच्या दिल्लीचं आहे."

"तुझं?"

"फुटलं. संत्री भरली होती आत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग कपडे छातीशी धरून इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "आपला सौदा?"

त्यांचा चेहरा पुन्हा दिल्लीचा झाला. "पाहू म्हटलं ना," असं म्हणून खाली गेल्या.

लग्न सकाळच्या मुहूर्ताचं, मोठ्या लॉनवर. थंडीतलं ऊन मोकळं पडलं होतं. केटररने माझी जागा मागे ठरवली होती, भांडी घासायच्या तंबूशेजारी. धूर होतो म्हणाला. मी म्हटलं, धूर वर जातो, मागे जात नाही. तो म्हणाला, मॅडमने लेआउट पास केलाय. मी म्हटलं, मग मॅडमलाच इथे रोटी करायला सांगा. त्याच्याशी भांडत असताना पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने हाक मारली. रुमाली रोटी करणारे उस्ताद होते, पांढरी दाढी, पालथ्या लोखंडी कढईसमोर उभे. "बहनजी, मेरे पास आ जाइए. आधी जगह आपकी."

मी पीठ काढलं. थंडीमुळे ते आखडलं होतं. कोमट पाण्याचा हबका मारून पुन्हा आपटलं. उस्ताद हवेत रुमाली फिरवता फिरवता तिरक्या डोळ्याने बघत होते. पहिला गोळा हातावर घेतला. कोपरापर्यंत आला आणि फाटला. माझी कानशिलं गरम झाली.

"ठंड है," ते हळूच म्हणाले. "इसे भी शर्म आती है. एक और लीजिए."

दुसरी उतरली. मडक्यावर पसरली, फुगली, कडेला लालसर झाली. उस्तादांनी आपली कढई सोडली, माझ्या रोटीचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि आपल्या समोरच्या रांगेला म्हणाले, "पहले वहाँ जाइए. मेरी तो हर शादी में मिलेगी."

मग जे झालं ते मी आजही डोळे मिटून बघते. रांग माझ्यासमोरून वळून फुलांच्या कमानीपर्यंत गेली. पोरं मोबाइल धरून उभी राहिली. नवरा रोट्यांच्या घड्या घालून वाढत होता, तोंडभर हसत. पुतणी नऊवारीत, मुंडावळ्या हलवत स्टेजवरून ओरडली, "काकू!" एवढ्या गर्दीत मला एकच गोष्ट दिसत होती: जाऊबाई चार टेबलं पलीकडे पाहुण्यांत उभ्या होत्या आणि माझ्याकडे येत नव्हत्या.

शेवटी त्यांना यावंच लागलं. विहीणबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, त्यांचा हात धरून आल्या. बरोबर चार-पाच भारी शालीतल्या बायका. विहीणबाईंनी रोटीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "ये तो कमाल है. किसने बनाया? कहाँ से बुलवाई है आपने इन्हें?"

तोच प्रश्न. जवळजवळ शब्दाला शब्द. फक्त या खेपेला मध्ये पडदा नव्हता.

माझ्या हातावर तेव्हा रोटी होती, मनगट ओलांडून कोपराकडे निघालेली. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ये... नागपुर से आई है," आणि थांबल्या.

मी रोटी मडक्यावर टाकली नाही.

या हातावरून त्या हातावर झेलत राहिले. रोटी कोपरापर्यंत उतरली, कोपराखाली लोंबली. पलीकडचे चेहरे तिच्यातून दिसायला लागले. उस्तादांचा हात हवेत थांबला. त्यांना कळलं की वेळ टळून चालली आहे. आणि जाऊबाईंना कळलं. महालातल्या लग्नांत त्या लहानपणापासून ही रोटी बघत आल्या होत्या. अजून फार तर आठ-दहा फेऱ्या, मग ती मधून फाटणार, त्यांच्या लेकीच्या लग्नात, त्यांच्या विहीणबाईंसमोर. मी तोंडाने एक शब्द बोलले नाही. त्यांच्या डोळ्यांत बघत झेलत राहिले. इतका लांब सौदा मी कधी केला नाही. पाठ फिरवून जाण्याची सोय नव्हती, कारण दोन्ही हात अडकलेले होते.

"देवरानी है मेरी," जाऊबाई म्हणाल्या. आवाज बसलेला होता. मग त्यांनी घसा साफ केला आणि मागच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सगी देवरानी. मेरे देवर की घरवाली."

मी रोटी मडक्यावर टाकली. फाटली नाही. जन्मात एवढी पातळ रोटी मी केलेली नाही, आणि पुन्हा होणार नाही.

इथे सौदा पुरा झाला होता. मी मागितलं तेवढं मिळालं होतं. पण त्या तिथून हलल्या नाहीत. विहीणबाईंना म्हणाल्या, "इसी बिटिया के पहले जन्मदिन पर भी सबको इसी ने खिलाया था. तब मैंने किसी को बताया नहीं था. मुझसे गलती हुई थी."

हे मी मागितलं नव्हतं. वर काही देणारं गिऱ्हाईक मला माहीतच नाही, त्यामुळे काय करावं ते सुचेना. विहीणबाईंनी दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. पिठाच्या हातांनी मी उलट केला. धूर डोळ्यांत गेला होता, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "धूर वर जाते म्हणून तूच सांगून राहिली होती."

रोटी मडक्यावरून काढून जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने घडी घातली. चटका बसला तर बोट तोंडात घालून खाली वाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "मले सगळं आठवत होतं वं. फोनवर खोटं बोलली मी." त्यांच्या तोंडून मी 'मले' पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याच मला लाल किल्ल्यावर घेऊन गेल्या. भिंती खरंच लाल आहेत. मी दगडावर टिचकी मारून बघितली. जाऊबाई म्हणाल्या, "आता याचा भाव करशील का?" मी म्हटलं, तीन वेळा वाजवला असता तर केला असता. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मग बाकावर बसून कुंभारणीची सगळी गोष्ट सांगितली. संत्री खात ऐकलं त्यांनी. शेजारून परदेशी लोकांचा घोळका गेला, पोरं पतंगामागे धावत होती, आणि मला वाटलं, एवढं मोठं शहर मी एका वाक्यासाठी एकवीस वर्षं बंद ठेवलं. किल्ल्याबाहेरच्या बाजारात मी तासभर भांडून एक शाल घेतली, आणि तिथल्या दुकानदाराने मात्र चौथ्या पावलालाच हाक मारली.

राग सगळा गेला का, असं पुतणीने नंतर विचारलं; तिच्या आईनेच तिला सगळं सांगितलं होतं. सगळा नाही गेला. थोडा ठेवला आहे. इतकी वर्षं कामाला आला, एकदम कसा हाकलू? पण आता तो दिल्लीवर नाही.

लग्नात एक मडकं शेवटच्या घाण्याला तडकलं. दुसरं, कुंभारणीने फुकट दिलेलं, धड राहिलं. ते मी परत आणायचं ठरवलं. गाडीत सीटवर बसले, मडकं मांडीवर. समोरच्या बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. "बहनजी, इतना बड़ा घड़ा खाली ले जा रही हैं? इसमें थोड़ा सामान भर लेतीं, जगह बच जाती."

नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

"खाली नहीं है," मी त्या बाईंना म्हटलं, आणि मडकं घट्ट धरलं.